सातबारा तुमचा, खालचं धन सरकारचं

घराचा पाया खणताना सोनं लागलं तर ते कोणाचं? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर १९६६ सालीच लिहून ठेवलेलं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ सांगतं की राज्यात कुठेही सापडणाऱ्या खनिजांवर हक्क राज्य शासनाचा. नदीपात्र, नाले, खाड्या, शेतं, बांध, बंद पडलेल्या खाणी, अगदी जुने ढिगारेसुद्धा त्यात नावानिशी आले आहेत. सातबाऱ्यावर नाव तुमचं, पीक तुमचं, खालचं धन सरकारचं. आणि सरकारचं म्हणजे आपल्या सगळ्यांचं! हा दुसरा भाग फार लवकर विसरला जातो. म्हणून देशाच्या खनिज धोरणातल्या या काही गोष्टी. काही गमतीच्या, काही थक्क करणाऱ्या, काही झोप उडवणाऱ्या.

केरळात मात्र उलटं

मलबारच्या जुन्या जमीनदारांच्या वारसांनी सरकारशी भांडण मांडलं आणि २०१३ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. न्यायालय म्हणालं, कायद्याने काढून घेतलेली नसेल तर जमिनीखालच्या खनिजाची मालकी जमिनीच्या मालकामागेच जाते. म्हणजे एकाच देशात पायाखालच्या दगडाचा मालक राज्यागणिक बदलतो. तरी मलबारच्या मालकालाही परवान्याशिवाय खाण चालवता येत नाही, हे वेगळं.

माती केव्हा खनिज होते?

वाळू, मुरूम, डबर, खडी ही ‘गौण खनिजं’ आहेत हे बांधकाम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ब्रासच्या हिशेबात, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने, त्यांचं स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावं लागतं. पण साधी माती? ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार रस्ता, बांध, रेल्वेमार्ग किंवा इमारतीच्या कामात भराव घालायला, सपाटीकरणाला वापरली तर माती गौण खनिज ठरते. तीच माती पायासाठी खणून त्याच जागेत परत वापरली तर? पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना हा प्रश्न घेऊन दिल्लीपर्यंत गेली. २०१४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं खणलं म्हणून पैसे लागत नाहीत, माती कशासाठी वापरली ते पाहावं लागतं.

याच कायद्याची एक मायेची बाजूही आहे. महाराष्ट्रात कुंभारांना माती आणि वडार समाजाला दगड ठरावीक मर्यादेपर्यंत स्वामित्वधन न भरता मिळतो. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या मातीदगडावर जगल्या, त्यांचा हक्क नियमात लिहिला गेला ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. धरणातला गाळ शेतात टाकायला नेणाऱ्या शेतकऱ्यालाही ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत स्वामित्वधन लागत नाही.

वाळूचं मात्र काही केल्या बसत नाही. मे २०२३ पासून राज्याने ६०० रुपये ब्रासने सरकारी डेपोतून वाळू द्यायची ठरवली. दोन वर्षांत ते धोरण गुंडाळून २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळावं लागलं. नव्या धोरणात घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे आणि दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूला सवलत आहे. नद्या वाचवायच्या असतील तर ही दगडाची वाळू वापरात आलीच पाहिजे.

खाण खातं दोन हजार वर्षांचं

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवर स्वतंत्र अधिकारी आहे, त्याचं पद ‘आकराध्यक्ष’. धोरणही स्पष्ट आहे: ज्या खाणीला खर्च आणि खटाटोप जास्त, ती उत्पन्नाच्या वाट्यावर किंवा भाड्याने दुसऱ्याला द्यावी, सोपी खाण राज्याने स्वतः चालवावी. आजच्या भाषेत पहिला प्रकार म्हणजे पट्टा आणि दुसरा सार्वजनिक कंपनी.

स्वतंत्र भारताने या कामाची विभागणी घटनेतच केली. राज्यसूचीतल्या २३ व्या नोंदीने खाणी राज्यांना दिल्या आणि केंद्रसूचीतल्या ५४ व्या नोंदीने लगाम केंद्राच्या हाती ठेवला. त्यातून १९५७ चा खाणी आणि खनिजे कायदा आला. मालकी राज्याची, नियम केंद्राचे, आणि तेव्हापासूनचं प्रत्येक भांडण याच सांध्यावर.

दोन शब्द सुटले, पस्तीस वर्षं गेली

त्यातलं सर्वांत मोठं भांडण एका वाक्यावर झालं. १९८९ मध्ये इंडिया सिमेंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. त्यात एक वाक्य होतं: स्वामित्वधन हा कर आहे. झालं! स्वामित्वधन हाच कर आणि त्याची मर्यादा केंद्राच्या कायद्यात, मग राज्यांना खनिजांवर आणखी कर लावायची सोय उरली नाही. झारखंड, ओडिशासारख्या खनिजांच्या राज्यांना हे चांगलंच झोंबलं.

मग २००४ उजाडलं. केसोराम खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी बहुमताने म्हटलं की १९८९ च्या निकालातलं ते वाक्य छपाईची चूक असावी. ‘स्वामित्वधनावरचा उपकर हा कर आहे’ असं लिहायचं होतं, त्यातले ‘-वरचा उपकर’ हे शब्द राहून नुसतं स्वामित्वधनच करात जमा झालं. आता पेच असा की सात जणांच्या पीठाची चूक पाच जणांचं पीठ दुरुस्त करू शकतं का? प्रकरण २०११ मध्ये नऊ जणांच्या पीठाकडे सोपवलं गेलं आणि तिथे तेरा वर्षं थांबलं.

२५ जुलै २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला. स्वामित्वधन हा कर नाही. खनिज काढू दिल्याबद्दल मालकाला मिळणारा तो मोबदला आहे. राज्यं खनिजाच्या हक्कांवर कर लावू शकतात. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी विरोधी मत नोंदवलं. राज्यांमध्ये करवाढीची चढाओढ लागेल आणि खनिज महागेल ही त्यांची भीती फेटाळण्यासारखी नाही. तीन आठवड्यांनी न्यायालयाने आणखी सांगितलं की राज्यांना १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी मागता येईल, पण ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्याहप्त्याने.

माझ्या मते निकाल योग्यच आहे. ज्या जिल्ह्याचं पोट फाडून खनिज निघतं, त्या राज्याच्या तिजोरीला त्यावर हक्क असायलाच हवा.

नागपूर: खनिजांची राजधानी

संत्र्यांचं नागपूर सगळ्यांना माहीत. पण देशभरच्या खाणींवर देखरेख ठेवणारा, १९४८ मध्ये स्थापन झालेला भारतीय खाण ब्युरो नागपुरातच आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपूर. जमिनीखाली काय दडलंय ते छिद्रं पाडून शोधणारी सरकारी कंपनी एमईसीएल, तीही नागपूरची. मँगनीजवाली मॉइल नागपूरची. ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थासुद्धा नागपूरलाच.

मॉइलची मुळं १८९६ पर्यंत जातात. देशातलं जवळपास निम्मं मँगनीज खनिज ही कंपनी काढते. बालाघाटची तिची खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचं खनिज बॅटरीच्या कोरड्या सेलसाठी जातं. तुमच्या टॉर्चमध्ये भंडाऱ्याची माती असू शकते.

शंभरपैकी एकशे बत्तीस

२०१५ पूर्वी मोठ्या खनिजांचे पट्टे मुख्यतः आधी अर्ज करणाऱ्याला मिळत. कायदा बदलला आणि लिलाव आला. बोली लावायची ती टक्क्यांत: खनिजाच्या सरासरी विक्री किमतीचा किती हिस्सा सरकारला देणार? ही सरासरी किंमत दर महिन्याला नागपूरचाच खाण ब्युरो जाहीर करतो.

आणि मग २०२० मध्ये ओडिशातल्या लोहखनिजाच्या लिलावात बोली १०० टक्क्यांच्या पार गेल्या. एका खाणीला तर १३२ टक्के! म्हणजे १०० रुपयांचं खनिज काढायचं, सरकारला १३२ द्यायचे, वर स्वामित्वधन वेगळं. पोलाद कारखान्याला स्वतःचं खनिज हातात हवं असतं, खाणीअभावी भट्टी थंड पडली तर त्याहून मोठं नुकसान होतं, म्हणून ते असं धाडस करतात. तिजोरीसाठी हे उत्तम. पण परवडेनासं झाल्यावर काही बोलीदारांनी खाणी परतही केल्या. नुसती बोली फुगली म्हणजे धोरण जिंकलं असं मानता येत नाही.

आठ बाय आठ मीटरचं नशीब

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात सामान्य माणूसही हिऱ्याची खाण घेऊ शकतो. सरकारी हिरा कार्यालयात अर्ज करायचा, वर्षाला साधारण २०० रुपये भरायचे, आठ बाय आठ मीटरचा तुकडा मिळतो. मग कुदळ, टोपलं, पाणी आणि चाळण. खडे धुऊन, वाळवून हाताने निवडायचे. हिरा सापडला तर तो कार्यालयात जमा करायचा. तिथे वजन होतं, लिलाव होतो, स्वामित्वधन आणि कर कापून उरलेले पैसे शोधणाऱ्याच्या हाती. पावसाळा संपला की मजूर, शेतकरी, बायामाणसं खड्ड्यात उतरतात. बहुतेकांच्या हाती वर्षभर काहीच लागत नाही. एखाद्याच्या हाती लाखांचा खडा येतो आणि त्याची बातमी देशभर होते. त्याच पन्नात मझगावला एनएमडीसी या सरकारी कंपनीची यांत्रिक हिरेखाण आहे, व्याघ्रप्रकल्पाला लागून.

काथ्यात अडकलेला खजिना

१९०९ ची गोष्ट. त्रावणकोरहून युरोपात गेलेल्या नारळाच्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला मोनाझाइट सापडलं. मोनाझाइटमध्ये थोरियम, आणि त्या काळी गॅसबत्तीची जाळी थोरियमशिवाय बनत नसे. शॉम्बर्गने थेट दक्षिण किनारा गाठला, मनवलकुरिचीला कारखाना काढला. युरोपातले रस्ते आपल्या किनाऱ्याच्या वाळूने उजळले.

स्वतंत्र भारताने ही वाळू सरकारी ताब्यात घेतली. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स स्थापन झाली, तिचं मुख्यालय मुंबईत. आज त्याच मोनाझाइटमधली दुर्मीळ मूलद्रव्यं विजेच्या गाडीच्या मोटरीतल्या चुंबकांना लागतात. आपल्याकडे मोनाझाइटचे साठे सुमारे १.३ कोटी टन आहेत, पण चुंबक मात्र चीनकडून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध घातले आणि वाहन कारखान्यांचे धाबे दणाणले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. शॉम्बर्गनंतर शंभरावर वर्षं उलटली. आता तरी वाळूपासून चुंबकापर्यंतची सगळी साखळी इथेच उभी राहिली पाहिजे.

लिथियम: जम्मू ते अर्जेंटिना

२०२३ पर्यंत लिथियम आपल्या कायद्यात अणुखनिज होतं, खासगी कंपनीला त्याला हात लावता येत नसे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने लिथियमसह सहा खनिजं त्या यादीतून निघाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा अंदाजित साठा जाहीर झाला आणि देशभर पेढे वाटावेत असा आनंद झाला. अंदाज प्राथमिक पाहणीचा होता. लिलाव पुकारला तेव्हा पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला.

दरम्यान ‘काबिल’ नावाची सरकारी कंपनी अर्जेंटिनात पोचली. जानेवारी २०२४ मध्ये तिने काटामार्का प्रांतात पाच लिथियम ब्लॉक घेतले, क्षेत्र १५,७०३ हेक्टर. काबिलच्या तीन भागीदारांपैकी एक आपली नागपूरची एमईसीएल.

गोव्याचे पट्टे

पोर्तुगीजांनी गोव्यात खाणींच्या सवलती जवळजवळ कायमच्या वाटून टाकल्या होत्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण त्या सवलती तशाच चालू राहिल्या. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्यांचे पट्टे केले आणि तेही मागच्या तारखेने, २० डिसेंबर १९६१ पासून. मुक्तीच्या दुसऱ्याच दिवसापासून!

या तारखांनी पुढे भूकंप घडवला. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ ला हिशेब मांडून दाखवलं की हे सगळे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. म्हणजे त्यानंतर पाच वर्षं डिचोली, सांगे, सत्तरीतून जे लोहखनिज बोटींनी गेलं, ते पट्ट्याशिवायच गेलं. न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. सरकारने मात्र ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण करून टाकलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर गोव्यातल्या खाणी थांबल्या. ट्रक उभे राहिले, बार्ज उभ्या राहिल्या, हजारो घरांचं उत्पन्न गेलं. पुढे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीतून काम पुन्हा सुरू झालं.

त्या २०१४ च्या निकालातली मला सर्वांत प्रिय गोष्ट वेगळीच आहे. विकलेल्या खनिजाच्या रकमेतला १० टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत ठेवायचा, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदाच निघतं, मग त्याच्या पैशावर नातवंडांचाही हक्क. हा विचार प्रत्येक खनिज राज्याने उचलावा.

बारा विरुद्ध शून्य

ओडिशाच्या नियमगिरी डोंगरात सुमारे ७ कोटी टन बॉक्साइट आहे. डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर म्हणजे देव. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वनहक्क कायद्याप्रमाणे निर्णय ग्रामसभा घेतील. बारा गावांत सभा भरल्या, बाराही गावांनी नकार दिला. बॉक्साइट आजही डोंगरात आहे. आपल्या गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकुरदेव आहे. तिथल्या ग्रामसभांनीही विरोध केला, तरी लोहखनिजाची खाण चालू आहे. दोन डोंगर, एकच वनहक्क कायदा, निकाल दोन. हे मला पटलेलं नाही.

झटपट काही

समुद्राखालची खनिजं राज्यांची नाहीत, केंद्राची. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रथमच १३ सागरी ब्लॉक लिलावाला निघाले. केरळच्या मच्छीमारांनी वाळूच्या ब्लॉकना कडाडून विरोध केला.

समुद्रतळावरचे धातूचे गोळे भारताने पहिल्यांदा वर काढले ते २६ जानेवारी १९८१ ला, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजावरून.

सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१८ पैकी २१४ कोळसा पट्टे एका दिवसात रद्द केले. दहा वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, देशाचं कोळसा उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांपुढे गेलं.

१९५२ च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत खाणीत कामबंदी केली होती. ती उठायला २०१९ उजाडलं.

खाणीच्या पट्ट्याभोवती ५०० मीटरपर्यंत काही संशयास्पद हालचाल दिसते का, यावर २०१६ पासून उपग्रहाचा डोळा आहे.

पोलादाचा वाहतूक खर्च देशभर सारखा ठेवणारं धोरण १९५० च्या दशकात आलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकलं. खाणींपासून दूर असलेल्या मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना त्याचा फायदा झाला; खाणीजवळ कारखाने काढायचं कारणच उरलं नाही आणि बिहार, ओडिशा मागे पडले. आपल्या भरभराटीत त्यांचा वाटा आहे, हे महाराष्ट्राने मोकळेपणाने मान्य करावं.

तुमच्या जिल्ह्यातला पैसा

शेवटची गोष्ट सर्वांत कामाची. २०१५ पासून खाणी असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. मोठ्या खनिजांच्या खाणवाल्याने स्वामित्वधनाखेरीज त्याच्या १० टक्के, आणि पट्टा लिलावापूर्वीचा जुना असेल तर ३० टक्के रक्कम या प्रतिष्ठानात भरायची. देशभरात असे एक लाख कोटींहून अधिक रुपये जमले आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार यातले किमान ७० टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा गरजांवरच खर्च व्हायला हवेत. खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतली गावं थेट बाधित धरली जातात, २५ किलोमीटरपर्यंतची अप्रत्यक्ष बाधित.

चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली, भंडारा, सिंधुदुर्ग. तुमचं गाव यांपैकी कुठल्या जिल्ह्यात असेल तर प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर जमा-खर्च आणि कामांची यादी पाहा. ती प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. गावाचं नाव नसेल तर पुढच्या ग्रामसभेत ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. तो पैसा तुमचाच आहे, मागा.